घड्याळ घेऊन वंदे भारतात बसण्याचे शास्त्र
(नवशिक्यांसाठी, चित्रांविना)

सर्वप्रथम घरच्यांना काय सांगायचं ते ठरवा. पुण्याहून मुंबईला जायचं, तिथे कोणाला भेटायचं नाही, काही आणायचं नाही, कोर्टात तारीख नाही, कुणाला बघायला हॉस्पिटलात जायचं नाही, आणि सकाळी ज्या गाडीने गेलो तिनेच संध्याकाळी परत यायचं. असल्या कार्यक्रमाला मराठी घरात अजून मान्यता नाही. ‘काम आहे’ म्हणालात तर कसलं ते विचारतात. ‘सहज’ म्हणालात तर एकमेकांकडे बघतात. ‘गाडीचा वेळ मोजायला जातोय’ हे खरं उत्तर द्यावं. त्यावर कुणालाच पुढचा प्रश्न सुचत नाही.

मात्र एक धोका उरतोच. ‘मुंबईला चाललाच आहात, तर डोंबिवलीला माईंकडे एवढी लोणच्याची बरणी द्या, वाटेतच तर आहे.’ डोंबिवली वाटेत आहे हे भूगोलाच्या दृष्टीने बरोबर. पण सोलापूर-मुंबई वंदे भारत डोंबिवलीला थांबत नाही, आणि बरणी खिडकीतून द्यावी तर या गाडीची खिडकी उघडत नाही. हे शांतपणे समजावून सांगा. पटणार नाही. बरणी घ्या आणि माईंना कल्याणच्या फलाटावर यायला सांगा. त्याचाही उपयोग आहे, तो पुढे येईल.

साहित्य : एक वही, दोन पेन्सिली, सेकंद दाखवणारं घड्याळ. मोबाइल खिशात असू द्या, पण त्यावर विसंबू नका. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ सगळ्यांकडे असतं आणि चांगलं असतं. गाडी कुठे आहे हे ते इंटरनेट नसतानाही मोबाइलच्या टॉवरवरून ताडतं. पण ताडणं वेगळं आणि मोजणं वेगळं. वेग दाखवणारी जीपीएसची ॲप बोगद्यात शिरली की गप्प होतात, आणि कर्जत ते लोणावळा या टप्प्यात पंचवीसहून जास्त बोगदे आहेत. राहता राहिली डब्यातली पाटी. वंदे भारतात पडद्यावर वेग झळकतो. तो बघून टाळ्या वाजवणारे प्रवासी असतात, त्यांना वाजवू द्या. आपण पडद्याकडे पाठ करून बसायचं. दुसऱ्याने सांगितलेला वेग लिहून घेणं याला आपल्या क्षेत्रात नक्कल म्हणतात.

आता मूळ विद्या. रुळांच्या कडेला दर किलोमीटरला दगड किंवा पाटी असते. विजेच्या खांबांवरही आकडे असतात : वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातल्या खांबाचा क्रमांक. आकडे मुंबईपासून सुरू होतात. म्हणजे कल्याण ५४, कर्जत १००, लोणावळा १२८, पुणे १९२. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागा, ताशी वेग मिळाला. ३६ सेकंद म्हणजे १००, ३० सेकंद म्हणजे १२०, १२० सेकंद म्हणजे ३०. काही उत्साही मंडळी खांब मोजतात. मोजू नये. वळणावर खांब जवळजवळ रोवलेले असतात, त्यामुळे वळणावर गाडी सुसाट सुटल्याचा भास होतो आणि नेमकी तिथेच ती हळू असते.

नवशिक्या हमखास फसतो तो एका किलोमीटरवर. २८ सेकंद मोजले तर वेग १२८ आणि वर थोडा. बोट जरा घाईने दाबलं गेलं, घड्याळ २७ वर थांबलं, की तोच वेग १३३. एका बोटाच्या उतावळेपणाने गाडी ताशी जवळजवळ ५ किलोमीटरने जास्त धावली! म्हणून सलग ५ किलोमीटर मोजा. १४० सेकंदांत एखादा सेकंद इकडेतिकडे झाला तरी फरक एका किलोमीटरच्या आत राहतो. विक्रम करायचा असेल तर मात्र एकच किलोमीटर मोजावा.

हे खवचटपणाने म्हणत नाही, याला थोर परंपरा आहे. इंग्लंडात चार्ल्स राऊस-मार्टेन नावाचे गृहस्थ होते. ‘रेल्वे मॅगझिन’मध्ये १९०१ पासून ते गाड्यांच्या धावांचा हिशेब लिहीत. ९ मे १९०४ रोजी ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या इंजिनाने ओढलेल्या टपाल गाडीत ते घड्याळ घेऊन बसले होते. वेलिंग्टनच्या उतारावर त्यांनी पाव मैल ८.८ सेकंदांत मोजला. ताशी १०२.३ मैल! वाफेच्या इंजिनाने शंभरी गाठल्याचा मान त्यामुळे त्या इंजिनाला मिळाला आणि त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. कारण उघड आहे. त्यांच्या घड्याळात सेकंदाचे पाचच भाग होते. काटा एकच घर पुढे सरकला असता तर ९ सेकंद, म्हणजे बरोबर १००. आणखी एक घर, की शंभरी गेली. दोन घरांच्या अंतरावर जवळजवळ सव्वाशे वर्षांचा वाद तोलला आहे. पुढे हेच सदर सेसिल जे. ॲलन यांनी १९०९ पासून जवळजवळ अर्धशतक चालवलं. तेव्हा शेजारच्या प्रवाशाने ‘हा काय रिकामटेकडेपणा’ अशा नजरेने पाहिलं तर त्याला ही नावं सांगावीत. नजर बदलत नाही, पण तो मोबाइलमध्ये तरी बघू लागतो.

आपल्याकडेही सुरुवात तशी घड्याळानेच झाली. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी दुपारी ३.३५ ला सुटली, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. साडेतीन नाही, पावणेचार नाही, ३.३५.

जागा कोणती घ्यावी

आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून दुहेरी मार्गावर बाहेरची बाजू डावी. दगड आणि खांबांवरचे आकडे त्या बाजूला नीट दिसतात. तेव्हा खिडकी डावीकडची. तिकिटावर ‘खिडकी’ लिहून येणं आणि खिडकी असणं यांत फरक आहे. दोन काचांच्या मधली भिंतही हिशेबात खिडकीच धरली जाते. अशी भिंत वाट्याला आली तर पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या खांद्यावरून बघण्याची तयारी ठेवा आणि आधी त्यांची परवानगी घ्या. आजोबा बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेले निघतात. मग दगड राहतात बाजूला आणि आपल्याला डीसी विजेचे दिवस, तेव्हाची इंजिनं आणि कोण साहेब किती कडक होता, एवढं सगळं ऐकावं लागतं. ऐकावं. वहीत लिहिण्यासारखं त्यातच जास्त असतं.

चेअर कारमधली निम्मी आसनं उलट्या तोंडाची असतात. उलटी जागा मिळाली म्हणून टीसीकडे जाऊ नका. दगड दिसायला क्षणभर उशीर होतो खरा, पण प्रत्येक दगडाला तेवढाच उशीर होतो, म्हणून वजाबाकीत काही बिघडत नाही. उलट बसून मळमळलं तर तो शास्त्राचा दोष नाही.

सकाळ : पुणे ते लोणावळा

सोलापूरहून पहाटे निघालेली गाडी नऊनंतर पुण्यात येते. आठवड्यातून एक दिवस तिला सुट्टी असते, तेवढं आधी बघून ठेवा. नाही तर घड्याळ घेऊन नुसतेच फलाटावर बसाल. गाडी थांबली की दाराखालची पायरी बाहेर सरकते, दारं आपोआप उघडतात, आणि ‘ही आपलीच ना?’ असं दहा जण आपल्याला विचारतात, कारण हातात वही. उत्तर द्या. रेल्वेबद्दल बोलणाऱ्याला या देशात ओळखपत्र लागत नाही.

गाडी हलली की पहिला आकडा लिहा, पण कोणता? चाक फिरल्याचा की दार लागल्याचा? चाक फिरल्याचा. या गाडीच्या जाहिरातीत ५२ सेकंदांत शून्यापासून शंभरपर्यंत जाण्याचा दाखला असतो. पुणे स्टेशनातून बाहेर पडताना ती असलं काही करत नाही. सांधे, वळणं, शिवाजीनगर, खडकीच्या लोकलची शेपटी. पिंपरी-चिंचवडमधून जाताना पुण्यातल्या नोकरदारांचे चेहरे नीट ओळखू येतात, इतक्या सावकाश. तळेगावच्या पुढे मोकळं होतं. वडगाव, कान्हे, कामशेत. इथे पाच-पाच किलोमीटरचे हिशेब लावा. सोबत एक पिवळी पाटी दिसत राहील, इंग्रजीत डब्ल्यू-एल आणि हिंदीत ‘सी/फा’. ती सिनेमाची किंवा फार्महाउसची जाहिरात नाही. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा, एवढाच तिचा अर्थ. नवशिक्याने ही माहिती शेजाऱ्याला लगेच देऊ नये, लोणावळ्यापर्यंत थांबावं.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो. ही गाडी ताशी १६० किलोमीटरच्या वेगासाठी बांधलेली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली-वाराणसी मार्गावर पहिली धावली, चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनली, चाचणीत १८० ला पोचली, सगळं खरं. पण पुणे-मुंबई १९२ किलोमीटरला ती तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते. भागाकार स्वतः करा. सरासरी साठीच्या आसपास येते. पहिल्या प्रवासात हे बघून काहीजण वही मिटतात. मिटू नये. गाडीचा कमाल वेग मोजणं हे पोरांचं काम. वेळ कुठे जातो, तो कोण खातो आणि खाल्लेला कुठे लपवतो, हे शोधायला घड्याळ लागतं.

घाट

कागदोपत्री पुण्याहून मुंबईकडे येणारी, म्हणजे घाट उतरणारी गाडी ‘अप’, आणि घाट चढणारी ‘डाउन’. वहीत तसंच लिहा आणि याचं कारण कुणाला समजावू नका.

बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर किंवा खाली. कागदावर किरकोळ वाटतं. शेकडो टनांची गाडी या उतारावर सुटली तर तिला थांबवायला फारसं काही उरत नाही, म्हणून उतरताना सगळा कारभार ब्रेकचा. गाडीने वेग टाकला, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांबरुंग अशी नावं येऊ लागली, की घड्याळाची खरी परीक्षा. किलोमीटरला दोन-दोन मिनिटं लागू लागतील. सोबतचे प्रवासी ‘सिग्नल नाही वाटतं’ असं म्हणून पोहे मागवतील. तुम्ही त्या वेळी काय चाललंय ते ऐका : ही गाडी उतरताना मोटरींकडूनच ब्रेकचं काम करून घेते आणि त्यात तयार झालेली वीज वरच्या तारेत परत पाठवते. म्हणजे तुम्ही जी मिनिटं ‘वाया गेली’ म्हणून लिहिताय, त्या मिनिटांत गाडी वीज परत करतेय.

वहीत दोन ओळी मोकळ्या सोडून या घाटाबद्दल एवढंही लिहून ठेवा. हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. काम चालू असताना कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये वारला. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडलं नाही. अनुभवी इंजिनिअर नेमून तिने काम पुरं करून घेतलं. हजारो मजूर या कड्यांवर रोगराईने आणि अपघातांनी गेले, त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. तेव्हा चढ इतका अवघड होता की वाटेत गाडीला एका ठिकाणी थांबून उलट दिशेने निघावं लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवा मार्ग काढल्यावर गेलं. त्यानंतर वर्षभरातच, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. या ओळी लिहिताना एखादा दगड हुकला तर हुकू द्या.

कल्याण आणि पुढचा लपंडाव

कल्याणला गाडी थांबते. इथे लोणचं. दार उघडल्यापासून लागेपर्यंतचा वेळ मोजायची ही उत्तम संधी, कारण माई फलाटावर उभ्या आहेत आणि त्यांना वाटतं आहे की गाडी त्यांच्यासाठी थांबली आहे. ‘अरे, उतर की जरा, चहा घे!’ म्हणतील. उतरू नका. दारं आपोआप लागतात आणि लागताना माणसाचं नातं विचारत नाहीत. बरणी द्या, नमस्कार करा, सेकंद लिहा.

आता अनुभवी माणसाची खरी मजा. कल्याणला गाडी वेळापत्रकाच्या मागे होती असं तुमची वही सांगते आहे. तरीही मुंबईला ती वेळेवर पोचते. चमत्कार? दादर ते सीएसएमटी हे अंतर ९ किलोमीटर. वेळापत्रकात त्यासाठी येताना किती मिनिटं दिली आहेत आणि संध्याकाळी जाताना किती, ते शेजारी शेजारी लिहून बघा. रूळ तेच, गाडी तीच, येताना मिनिटं भरपूर. कुठे रूळ दुरुस्त होतोय म्हणून इंजिनिअरिंग अलाउन्स, कुठे फलाट मोकळा नाही म्हणून ट्रॅफिक अलाउन्स. असली मिनिटं वेळापत्रकात आधीच शिवून ठेवलेली असतात आणि त्यातली बरीचशी शेवटच्या टप्प्यात. शिवाय गाडी शेवटच्या स्टेशनात १५ मिनिटांच्या आत पोचली की तिला वेळेवरच धरतात. वाटेत झोपलेल्या प्रवाशाला ‘राइट टाइम’ दिसतो. आपल्या वहीत मात्र कुर्ला ते दादर कशी रांगत आली ते सेकंदांसकट आहे. ही नोंद कोणाला दाखवून काही होत नाही. पण आहे.

दुपार

परतीची गाडी चारनंतर. मधले साडेतीन तास जेवणात घालवणारा माणूस या छंदात टिकत नाही. सीएसएमटीखालीच मेट्रो ३ चं स्टेशन आहे. कफ परेड ते आरे हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. इथे आपल्या सगळ्या विद्येचा निकाल लागतो. खिडकीबाहेर अंधार, दगड नाहीत, जीपीएस नाही. फक्त एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतचा वेळ आणि दारं उघडी राहण्याचा वेळ मोजा. दोन्ही इतके एकसारखे येतात की चौथ्या स्टेशनानंतर कंटाळा येतो. वक्तशीर गाडी मोजण्यात राम नाही हे कळायला ही फेरी पुरेशी आहे. बीकेसीहून परत फिरा.

त्यापेक्षा एसी लोकल बरी. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, आणि पहिली एसी लोकल पश्चिम रेल्वेवर २०१७ च्या नाताळात. शंभर वर्षांत दार ही गोष्ट मुंबईच्या लोकलला नव्याने मिळाली, म्हणून मोजायचं ते दारच. ठाण्यापर्यंत जा आणि या. दादरला दारं लागू पाहतात, कुणाची तरी सॅक मध्ये येते, दारं पुन्हा उघडतात, आत गेलेला माणूस बाहेरच्याला ‘पुढची पकड ना!’ म्हणतो. त्या बाराएक सेकंदांच्या झटापटीत मागच्या तीन लोकलींचं वेळापत्रक ठरतं. तिकीट एसीचं काढा. वही बघून टीसी सोडत नाही.

संध्याकाळ : चढ

आता घाट वर. इतर गाड्या कर्जतला थांबतात, मागून बँकर लागतात. म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, बहुधा तीन जोडून. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून वडापाव घेतात. कर्जतच्या दिवाडकरांच्या वड्याची कीर्ती या चढामुळेच पसरली, असं म्हटलं तर इंजिनिअरांनी रागावू नये. वंदे भारतला बँकर लागत नाही. तिच्या मोटरी एका इंजिनात नसून साधारण एकाआड एक डब्याखाली वाटलेल्या आहेत, त्यामुळे पकड गाडीभर पसरते आणि ती स्वतःच्या बळावर चढते. फेब्रुवारी २०२३ पासून हे चालू आहे. कर्जतच्या फलाटावरून ती तशीच पुढे जाते. वाचलेली मिनिटं जमेच्या बाजूला लिहा आणि गेलेला वडा खर्चाच्या. दोन्हींची वजाबाकी करायला मी नवशिक्यांना सांगत नाही. ज्येष्ठांमध्येही यावर एकमत नाही.

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटरचा एकूण वेळ लिहा, सकाळचा उतरतानाचा वेळ शेजारी ठेवा. चढणारी गाडी उतरणारीपेक्षा लवकर जाते हे तुमच्याच अक्षरात तुम्हाला दिसेल. डब्यात कुणाला सांगावंसं वाटेल. सांगा. ‘असं कसं होईल?’ म्हणून शेजारचे काका वाद घालतील, त्यांना वही दाखवा. ते आकडे बघतील, मग तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, ‘रेल्वेत आहात का?’ नाही म्हणालात की वहीची किंमत गेली. म्हणून त्या क्षणी काही न बोलता सी/फा पाटीचा अर्थ सांगायला सुरुवात करावी. त्यासाठीच ती राखून ठेवायला सांगितली होती.

पुणे जवळ आलं की लोक खडकीपासून दारात रांग लावतात. आपण बसून राहायचं, कारण शेवटची नोंद बाकी आहे : गाडी पोचली कधी? चाक थांबलं तेव्हा की दार उघडलं तेव्हा? निघताना आपण चाक धरलं होतं, म्हणून पोचतानाही चाक धरावं, असा एक पक्ष आहे. प्रवाशाला दार उघडेपर्यंत पोचण्याचा काही उपयोग नाही, असा दुसरा. मी पहिल्या पक्षाचा. दोन्ही वेळा लिहून ठेवणारे काही मध्यममार्गी असतात. त्यांच्याशी फार बोलू नये, ते उद्या खांबही मोजतील.

रिक्षात बसल्यावर मीटर आणि घड्याळ एकदम सुरू करू नका. रिक्षावाल्याला ते आवडत नाही.